उजव्या मनगटावरचं घड्याळ

मी एकतीस वर्षं ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात नोकरी केली. लोक येऊन विचारायचे, मी सांगायचो, अमुक पुस्तक, तमुक पान, वरून चौथी ओळ. माझं मत कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला दिलं नाही. निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले, "यांच्या हातून कधी चुकीचा पृष्ठक्रमांक गेला नाही." तेवढं मात्र खरं होतं.

मत द्यायला लागलो ते वयाच्या बहात्तराव्या वर्षी, आणि तेही टीव्हीवरच्या एका रहस्यमालिकेबद्दल. सांगायला जरा लाज वाटते.

मालिका एका बेपत्ता बाईची. ती भूल देणारी डॉक्टर. एका संध्याकाळी शस्त्रक्रिया आटोपून बाहेर पडते आणि घरी पोचतच नाही. तिचा शोध घेणारा एक जाडजूड, सतत थकलेला तपास अधिकारी आहे. बाईला जवळचं कुणी नाही, त्यामुळे शोधाची सगळी भिस्त एका फोटोवर. नवव्या भागात नदीकाठी एक प्रेत सापडतं. चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला, पण मानेच्या डाव्या बाजूला तीळ, अगदी फोटोतल्यासारखा. अधिकारी फाइल बंद करायला निघतो. आणि अकराव्या भागात त्याला स्वप्न पडतं.

या मालिकेत माझी मुलगी काम करते. पडद्यावर नाही, पडद्यामागे. तिचं काम कंटिन्युइटीचं. एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांनी चित्रित होतो, काही सकाळी, काही जेवणानंतर, काही दुसऱ्या बाजूने. मधल्या वेळात नट-नट्या चहा पितात, पदर सोडतात, डुलकी काढतात. मग आधीच्या तुकड्यात कपात किती चहा होता, कुठलं बटण उघडं होतं, केस कानामागे होते की पुढे, हे सगळं लक्षात ठेवून वहीत लिहायचं. सेटवर तिला सगळे वहीताई म्हणतात. घरी मी काहीच म्हणत नाही, नुसतं अगं म्हणतो. तिची आई गेल्यापासून घरात दोघंच, नावाची गरज पडत नाही.

आमच्यात एक ठरलेलं होतं. पुढे काय होणार ते तिनं सांगायचं नाही आणि मी विचारायचं नाही. मालिकेच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे आणि त्यात मी आहे, हे मात्र तिला माहीत नव्हतं. तिथे मला मास्तर म्हणत. मी जन्मात कुणाला शिकवलेलं नाही, पण माझ्या लिहिण्यात पूर्णविराम जागच्या जागी असतात म्हणून ते नाव पडलं. खोडून काढायचा धीर झाला नाही.

तर ते स्वप्न. पोहण्याचा एक रिकामा तलाव. फिकट निळ्या फरश्या, पाण्याचा थेंब नाही. अधिकारी पायऱ्या उतरून तळाशी जातो. त्याचे बूट मात्र चिंब ओले. तळाच्या मधोमध पांढरं कापड घातलेलं टेबल, आणि ती बेपत्ता बाई सुरीने संत्रं सोलत बसलेली. साल तुटत नाही. एकच लांब पट्टी टेबलावरून खाली, फरशीवरून पाणी जायच्या भोकापर्यंत. बाई ओठ न हलवता म्हणते, "पाणी सोडायला सांगा." मागून पाण्याचा आवाज येतो आणि अधिकारी जागा होतो.

त्या रात्री ग्रुपवर झुंबड उडाली. एक दाताचे डॉक्टर आहेत, त्यांना सगळीकडे दातच दिसतात. त्यांनी लिहिलं, "रिकामा तलाव म्हणजे तोंड. बाई म्हणजे काढलेली दाढ."

त्यावर बेकरी चालवणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "डॉक्टर, पेशंट नाहीत वाटतं आज. तिला भूक लागली आहे, एवढंच. अकरा भाग झाले, कुणी जेवू घातलंय का तिला?"

"मास्तर कुठे गेले? मास्तरांना बोलवा," तिसऱ्या कुणीतरी लिहिलं.

मी गेलो नव्हतो. मी ते स्वप्न दहाव्यांदा पाहत होतो. काहीतरी खुपत होतं, आणि काय ते समजेना. खुर्चीत बसवेना. उठून खिडकीशी जायचो, परत येऊन बसायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. घड्याळ. पहिल्यांदा बाई दिसते तेव्हा तिच्या डाव्या मनगटावर आहे. नंतर ती मान वर करते तेव्हा उजव्या.

मग मला जे सुचलं ते मी संध्याकाळपर्यंत लिहीत बसलो. डाव्याचं उजवं कुठे होतं? आरशात. अधिकाऱ्याला बाई दिसत नाही, बाईचं प्रतिबिंब दिसतं. म्हणजे ज्या फोटोवर सगळा शोध बेतला आहे तो फोटोच उलटा छापलेला आहे. तीळ डावीकडे नाही, उजवीकडे आहे. नदीकाठची बाई ही नव्हेच. ही जिवंत आहे. अधिकाऱ्याला हे जागेपणी कळलेलं नाही, पण त्याच्या आत कुठेतरी ते कळून चुकलं आहे. त्याचे ओले बूट तेच सांगतात. पाणी आहे, फक्त त्याला दिसत नाही.

आणि सवयीने मी खाली संदर्भ दिले. घड्याळ डाव्या हातात, चार मिनिटं एकोणीस सेकंद. उजव्या हातात, चार मिनिटं बावन्न सेकंद. ज्याला शंका असेल त्याने जाऊन बघावं. हे जर मी दिलं नसतं, नुसतं मोघम लिहिलं असतं, तर एका म्हाताऱ्याची कल्पना म्हणून लोकांनी वाचून सोडून दिलं असतं. पण लोकांनी जाऊन पाहिलं. पाहिलं आणि दुसऱ्यांना दाखवलं. तीन दिवसांत माझं लिखाण ग्रुपच्या बाहेर कुठल्याकुठे गेलं. बेकरीवाल्या बाईंनी लिहिलं, "मास्तर, आजपासून तुम्हाला पाव फुकट." मला रात्री झोप लागेना, पण ते जागरण सुखाचं होतं.

शनिवारी सकाळी दिग्दर्शक एका वाहिनीवर मुलाखत देत होते. घड्याळाबद्दल विचारल्यावर ते गालात हसले. "काही गोष्टी प्रेक्षकांसाठी ठेवलेल्या असतात," म्हणाले. मी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. इतक्यात मुलगी आतून आली. तिनं टीव्ही बंद केला आणि समोर बसली.

"बाबा, हा मास्तर म्हणजे तुम्ही."

मी चष्मा पुसायला घेतला.

"मीच ओळखायला हवं होतं," ती म्हणाली. "मिनिटं-सेकंद देऊन स्वप्नाचा अर्थ सांगणारा दुसरा कोण असणार."

"तुला आवडलं का?" मी विचारलं. काय विचारावं ते मला कधीच वेळेवर कळत नाही.

ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ती चूक आहे. माझी. पहिला तुकडा झाला, संत्र्याचा रस हातावर ओघळला म्हणून त्या नटीनं घड्याळ काढून हात धुतले. परत घातलं ते दुसऱ्या हातात. हे बघायचं काम माझं. मी तिथे नव्हते."

"कुठे होतीस?"

"बाहेर. फोनवर." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तुमच्या ग्रंथालयातून फोन आला होता. तुम्ही जिन्यात बसलात म्हणून."

मला आठवलं. चार महिन्यांपूर्वी मी उगीचच जुन्या ग्रंथालयात गेलो होतो, जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून पायरीवर बसलो. काही झालेलं नव्हतं. सकाळी काही खाल्लं नव्हतं, एवढंच. तिथल्या बाईंनी मुलीला फोन लावला आणि ती वीस मिनिटं मला पाणी कुणी दिलं, डॉक्टर कुठला, गाडी मिळाली का, हे विचारत राहिली.

"कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं," ती म्हणाली. "चित्र जोडणाऱ्याच्याही नाही. आता दिग्दर्शक साहेबांनी सगळ्यांना सांगून टाकलंय की ते मुद्दाम होतं. एका मासिकाला वहीतलं ते पान छापायचं आहे. सोमवारी वही घेऊन ये म्हणालेत. नोंद असेलच ना, म्हणाले."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर ती चूक. मग विचारतील, त्या वेळी वहीताई काय करत होती. पुढच्या वर्षीचं काम अजून पक्कं झालेलं नाही, बाबा. तीन जणी टपून बसल्यात."

मी म्हणालो, "मी ते लिखाण काढून टाकतो."

"काढलंत तर का काढलं म्हणून विचारतील. राहू दे."

"मग एक ओळ लिहून टाक ना. एक ओळ तर आहे."

हे मी म्हणालो. एकतीस वर्षं चुकीचा पृष्ठक्रमांक न दिलेला माणूस. ती हसलीसुद्धा नाही. "वहीत मागाहून काही लिहीत नाहीत. एकदा लिहिलं की बाकीच्या दोनशे पानांवर कोण विश्वास ठेवणार? मी तरी ठेवीन का?"

तिनं वही जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि कपडे धुवायला गेली. विषय संपल्यासारखा.

माझ्या डोक्यातून तो जाईना. रविवारी सकाळपासून मी त्या टेबलाभोवती घिरट्या घालत होतो. पाणी प्यायला जायचं, वहीवर नजर टाकायची. पेपर उचलायला जायचं, परत तेच. ती म्हणाली, "बाबा, एका जागी बसा बघू, मला गरगरतंय." जेवण झाल्यावर ती झोपली. आठवडाभर पहाटे उठणारी पोर, रविवारी दुपारी तिला जाग येत नाही.

मी वही उघडली. ते पान सापडायला वेळ लागला नाही, शोधून काढणं हाच माझा धंदा. निम्मं पान भरलेलं, मग चार बोटं मोकळी जागा, मग पुढचा तुकडा. तेवढ्या जागेत मी जिन्यात बसलो होतो.

तिच्या अक्षराला वळण मीच लावलेलं आहे. लहानपणी रोज संध्याकाळी दोन पानं, मी वर लिहायचो, ती खाली. वहीच्या खोबणीत तिचं पेन होतं. मी ओळ लिहिली, वर फुंकर घातली, वही होती तशी ठेवली आणि माझ्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलो.

सोमवारी ती सातला गेली. मी दारात उभा राहिलो. ती म्हणाली, "खाऊन घ्या काहीतरी." वही तिच्या पिशवीत होती.

नऊच्या सुमारास मन रमवावं म्हणून मी ग्रुप उघडला. दाताच्या डॉक्टरांनी माझं लिखाण पुन्हा वर आणलं होतं. मी ते वाचत गेलो. शेवटच्या ओळीशी आलो आणि तिथेच थांबलो. चार मिनिटं एकोणीस सेकंद, चार मिनिटं बावन्न सेकंद. वहीत मी काय लिहिलं होतं? घड्याळ डावीकडून उजवीकडे, दिग्दर्शकांच्या सूचनेनुसार, ४:१९ व ४:५२. संदर्भ. सवयीने दिलेला संदर्भ. तो भाग परवा-परवा टीव्हीवर आला आणि ते पान चार महिन्यांपूर्वीचं. चित्रीकरणाच्या दिवशी, भाग जोडून तयार व्हायच्या आधी, ते आकडे कुणाला माहीत असणं शक्यच नव्हतं. शाळकरी पोरालाही कळेल की ही ओळ खोटी आहे. आणि खोटी कुणी लिहिली म्हणतील? वही जिची, तिनं.

आधी होती ती नुसती चूक होती. आता ती लबाड ठरणार होती.

फोन लावला, बंद. तुकडा चालू असला की सेटवर सगळ्यांचे बंद असतात. मी घरातलीच चप्पल घालून बाहेर पडलो. बस येईना. थांब्यावर मी इतक्या येरझारा घातल्या की एक बाई म्हणाली, "आजोबा, तुमच्या चालण्याने बस लवकर यायची नाही हो." बसमध्ये जागा होती तरी मी उभाच राहिलो.

स्टुडिओच्या फाटकाशी पहारेकरी होता. आत सोडेना. "वहीताईंचे वडील? मग त्या बाहेर येतील तेव्हा भेटा. चित्रीकरण चालू आहे." त्यानं मला त्याचं स्टूल दिलं. मी बसलो, उठलो, पुन्हा बसलो. त्याला माझी दया आली असावी, तो गप्पा मारायला लागला.

"मालिका बघता का?"

"बघतो."

"ते घड्याळाचं वाचलं? कोण मास्तर आहे म्हणे. काय डोकं आहे माणसाचं. माझी बायको म्हणते, हा नक्की पोलिसात असणार."

"नसावा," मी म्हणालो.

"मग मोठा प्रोफेसर असेल. आपण शंभरदा बघितलं असतं तरी दिसलं नसतं."

माझ्यासमोर ते स्वप्नच येत होतं. तेहतीस सेकंदांत घड्याळ इकडचं तिकडे होतं आणि मी त्यात आरसा पाहिला, फोटो पाहिला, जिवंत बाई पाहिली. तिथे एक बघणारी उठून गेली होती आणि ती माझ्यासाठी गेली होती, हे मला दहादा बघूनही दिसलं नव्हतं.

जेवणाच्या सुटीत मुलगी बाहेर आली. तिचे हात रिकामे होते. मला बघून ती थबकली, मग माझ्या चपलांकडे बघितलं.

"आकडे लक्षात आले म्हणून आलात," ती म्हणाली.

"त्यांनी पकडलं का गं?"

"नाही." तिनं मला फाटकापासून बाजूला नेलं. "साहेबांनी सगळ्यांसमोर ओळ मोठ्यानं वाचली. इतके खूश झाले की काय सांगू. 'बघा, मी म्हणत नव्हतो?' म्हणाले. मासिकाची मुलगी फोटो काढायला वाकली. आकड्यांकडे कुणी बघितलंसुद्धा नाही, बाबा. कुणी बघणारही नव्हतं."

माझा श्वास सुटला. तो तिनं ऐकला आणि ओठ आवळले.

"मग मी सांगितलं. हे माझं नाही म्हणून. साल सोलण्याच्या तुकड्यानंतर मी फोनवर होते, परत आले तेव्हा पुढचा तुकडा झाला होता, घड्याळाची नोंद नाही."

"का सांगितलंस?" माझा आवाज चढला. असा तो कधी चढत नाही. "कुणाला कळलं नव्हतं म्हणतेस ना? मग का?"

"माझी वही आहे ती."

पुढे तिनं थोडक्यात सांगितलं. मासिकाच्या मुलीला बाहेर पाठवलं गेलं. ओळ कुणी लिहिली हे साहेबांनी विचारलं, तेव्हा घरातल्या माणसानं, एवढंच ती म्हणाली. वही त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. घड्याळ मुद्दामच होतं, असंच बाहेर सांगायचं. तिनं गुरुवारपर्यंत, म्हणजे हा भाग संपेपर्यंत काम करायचं. पुढच्या वर्षी दुसरी कुणीतरी येईल. तिला कोरी वही दिली होती.

"मी त्यांना भेटतो," मी म्हणालो. "मी सांगतो मी कोण आहे ते."

"नाही भेटायचं. तुम्ही खूप काही केलंत." ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती दमून बोलली. मग तिनं माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, जसं ती कपातल्या चहाकडे बघत असेल. "सकाळपासून काही खाल्लं नाहीत ना?"

मी मान हलवली.

"या आत. एकट्याला बसनं पाठवायची नाही मी तुम्हाला."

तिनं पहारेकऱ्याला काहीतरी सांगितलं. आत एका मोठ्या अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यात लोखंडी खुर्ची होती. तिनं मला केळं आणि दोन बिस्किटं आणून दिली आणि मी ती संपवेपर्यंत उभी राहिली. "आता हलायचं नाही. खुर्ची वाजते. खोकला आला तर गिळा. संध्याकाळी बरोबर जाऊ."

समोर दिव्यांच्या उजेडात अधिकाऱ्याचं घर होतं, तीन भिंतींचं. तो जाडजूड नट टेबलापाशी बसला आणि हातातल्या पत्राची घडी उलगडायला लागला. मुलगी कॅमेऱ्याच्या बाजूला एका ठोकळ्यावर बसली, कोरी वही गुडघ्यावर. शांतता पसरली.

मला त्याच वेळी पायात मुंग्या आल्या. नाक खाजवावंसं वाटलं. पाठ दुखायला लागली, घसा कोरडा पडला, लघवीला जायचं आठवलं. आयुष्यात मला इतकं हलावंसं कधी वाटलं नव्हतं. मी खुर्चीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. नटानं पत्र उजव्या हातात घेतलं, डाव्या हातानं दिवा पुढे ओढला. ती बघत होती. लिहिताना तिची मान खाली जात नव्हती, फक्त हात चालत होता. तुकडा थांबला की ती उठून जाई, पत्राची घडी तपासे, कुणाला तरी अस्तनी एक बोट वर घ्यायला सांगे, दिव्याचं अंतर वितीनं मोजे आणि परत ठोकळ्यावर येऊन बसे. पुन्हा दिवे, पुन्हा शांतता.

तीन तास मी त्या खुर्चीवर होतो. एकदा माझ्या हातातला बिस्किटाचा कागद कुरकुरला आणि आवाज टिपणाऱ्या माणसानं वळून माझ्याकडे डोळे वटारले. दोघं-तिघं आणखी वळली.

ती वळली नाही. तीन तासांत तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.